सॅलमँडर तीन राउंडमध्ये का मेला?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मी नेमकं कशाचं उत्तर देतोय ते स्पष्ट राहील. डंजन्स अँड ड्रॅगन्स या टेबलावर बसून कथा आणि फाशांनी खेळायच्या खेळाची पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम, पाचव्या लेव्हलची चार पात्रं. ज्वालामुखीकडे जाणाऱ्या वाटेवर तुम्ही एक सॅलमँडर, म्हणजे या खेळातला आगीत राहणारा सापासारखा राक्षस, उभा केलात. विझार्ड (जादूगार) लांबून रे ऑफ फ्रॉस्ट हा थंडीचा स्पेल, म्हणजे मंत्र, मारत राहिला, रेंजरने बाण सोडले, फायटर (योद्धा) आणि क्लेरिक (देवाच्या कृपेने जादू करणारा) समोरून भिडले. तिसऱ्या राउंडला, म्हणजे सगळ्यांची तिसरी पाळी चालू असताना, तो आडवा झाला आणि तुमची एक खेळाडू म्हणाली, "पेटलेला साप होता, एवढंच." आता तुम्ही विचारताय, त्याचे हिट पॉइंट (किती नुकसान झालं की तो मरतो तो आकडा) वाढवू की आगीचं नुकसान दुप्पट करू?

मी पुण्यात गेली बारा-तेरा वर्षं डीएम, म्हणजे कथा सांगणारा आणि राक्षस खेळवणारा, म्हणून टेबल चालवतोय आणि हा प्राणी माझा फार आवडता आहे. माझं म्हणणं, दोन्ही करू नका. निदान आधी करू नका.

हिशोब बघू. पुस्तकातल्या सॅलमँडरला सरासरी ९० हिट पॉइंट असतात. पाचव्या लेव्हलला रे ऑफ फ्रॉस्टचे दोन आठ-बाजूंचे फासे पडतात, म्हणजे सरासरी ९. थंडीपुढे तो हळवा आहे, थंडीचं नुकसान त्याला दुप्पट लागतं, म्हणून ते १८ होतात. फायटरला एका टर्नमध्ये, म्हणजे स्वतःच्या एका पाळीत, दोन हल्ले मिळतात. तुमच्या बाजूने राउंडला चार टर्न, त्याच्या बाजूने एक. तीन राउंडमध्ये ९० संपले यात काहीच नवल नाही. नियमांच्या कोष्टकातही चार पाचव्या लेव्हलच्या पात्रांसाठी १८०० एक्सपीचा (राक्षसाला हरवल्यावर मिळणारे अनुभवाचे गुण) एकटा सॅलमँडर 'सोप्या' रकान्यात पडतो, 'मध्यम' २००० ला सुरू होतो. तेव्हा तुमचं गणित चुकलेलं नाही.

हिट पॉइंट १८० केलेत तर तीच लढाई सहा राउंड चालेल, आणि तिसऱ्या राउंडला कंटाळलेली ती खेळाडू सहाव्याला फोन बघत असेल. नुकसान दुप्पट करणं तर धोक्याचं आहे. त्याचा भाला आणि शेपटी दोन्ही लागले तर एका टर्नमध्ये सरासरी ३२ जातात. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे साधारण तेवढेच असतात. म्हणजे मारायला तो आजही कमी नाही.

खरी अडचण मला वेगळी दिसते. त्या वाटेवर त्याचं काय काम होतं? आगीत राहणारा प्राणी तुम्ही मोकळ्या रस्त्यावर आणला. त्याची सगळी गंमत तो राहतो त्या जागेत आहे, आणि ती जागाच तुमच्या लढाईत नव्हती.

इथे थोडं मागे जातो, कारण या प्राण्याच्या कथेतच त्याला खेळवायचं कसं याचं उत्तर आहे. सॅलमँडर खरा आहे. युरोपातल्या ओलसर जंगलांत काळ्या अंगावर पिवळेधमक डाग असलेला, वीतभर लांबीचा, बेडकासारख्या ओल्या कातडीचा प्राणी राहतो. थंडीच्या दिवसांत तो कुजक्या ओंडक्यांत, सालीखाली दडून बसतो. असा ओंडका चुलीत गेला की धग लागून तो सरपटत बाहेर येतो. बघणाऱ्याला वाटणार, हा आगीतूनच जन्मला. दंतकथा बहुधा अशीच सुरू झाली असावी. आपल्याकडच्या खेळाडूला हा प्राणी डोळ्यांसमोर येत नाही, कारण भारतात या जातकुळीचा प्राणी फक्त पूर्व हिमालयात आणि ईशान्येच्या डोंगरांत सापडतो. सह्याद्रीत नाही. त्यामुळे 'सॅलमँडर' म्हटलं की आपली मुलं पाल किंवा सरडा समजतात. ते तसंच सोडू नका.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकात ॲरिस्टॉटलने लिहून ठेवलं की सॅलमँडर आगीतून चालत जातो आणि जाता जाता आग विझवतो. पहिल्या शतकातला रोमन लेखक प्लिनी म्हणतो, तो इतका थंड असतो की बर्फाने विझावी तशी नुसत्या स्पर्शाने आग विझवतो. हाच प्लिनी पुढे म्हणतो की तो झाडावर चढला तर झाडाची सगळी फळं विषारी होतात. विषाच्या बाबतीत त्याचं अगदीच चुकलं नव्हतं. या प्राण्याच्या कातडीतून खरोखर विष पाझरतं. आता बघा, जुन्या कथेतला सॅलमँडर थंड आहे, आग विझवणारा आहे. आपल्या खेळातला जळता आहे आणि थंडीने मरतो. अगदी उलटं!

हे उलटं होण्यात सोळाव्या शतकातला वैद्य आणि किमयागार पॅरासेल्सस याचा मोठा हात आहे. १५४१ मध्ये तो वारला आणि त्याचं यावरचं पुस्तक १५६६ मध्ये छापलं गेलं. त्याने चार महाभूतांत राहणारे चार प्रकारचे जीव मांडले: पाण्यात अंडाइन, हवेत सिल्फ, मातीत नोम आणि आगीत सॅलमँडर. त्याचा मुद्दा असा की प्रत्येक जीवाला त्याचं महाभूत आपल्याला हवा असते तसं असतं. नोम दगडातून तसा चालतो जसे आपण हवेतून चालतो. हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. माणूस हवेत जगतो, पण माणसाचं वर्णन कुणी 'हवा फेकणारा प्राणी' असं करत नाही. सॅलमँडरलाही 'आग लावणारा' म्हणून खेळवलं की तो लहान होतो. आगीत तो श्वास घेतो, झोपतो, अंडी घालतो. आपल्याला जिथे उभंही राहता येत नाही, तिथे तो निवांत असतो.

म्हणून पुढच्या वेळी आधी आग आखा आणि मग त्यात तो ठेवा.

मी वापरलेली एक जागा सांगतो. घंटा ओतणाऱ्यांचं एक जुनं, सोडून दिलेलं ओतकाम. मधोमध जमिनीत खोल, लांबट भट्टी. निखारे अजून लाल आहेत, आणि तीस वर्षांत तिथे कुणी जळण घातलेलं नाही. हे एवढं एकच वाक्य मी सांगितलं आणि टेबल गप्प झालं. आगीभोवती कडेला दगडी कट्टा, वर साखळ्या, एका बाजूला साचे थंड करायचा पाण्याचा हौद. नकाशा एवढाच.

आता नियम. २०१४ च्या डीएमच्या पुस्तकात ऐन वेळी नुकसान ठरवायचं कोष्टक आहे. जळते निखारे अंगावर पडले तर एक दहा-बाजूंचा फासा, आगीच्या खड्ड्यात पाय गेला तर दोन, लाव्हातून चाललं तर दहा, लाव्हात बुडालं तर अठरा. सॅलमँडरला आगीचं काहीच होत नाही, तेव्हा तुमच्या पात्रांना जी भिंत आहे तो त्याचा रस्ता आहे. त्याच्या शेपटीची पोच १० फूट. ती लागली की समोरचा ग्रॅपल होतो, म्हणजे विळख्यात पकडला जातो, आणि जखडतो; सुटायला फासा आणि पात्राचं कौशल्य मिळून किमान १४ लागतात. पकडलेल्याला ओढत नेताना त्याचा वेग निम्मा, म्हणजे १५ फूट. पकडलेलं पात्र हाफलिंग किंवा नोम या बुटक्या वंशांसारखं लहान असेल तर वेग निम्मा होत नाही, कारण ते त्याच्यापेक्षा दोन आकारांनी छोटं पडतं. हा नियम बरेच डीएम विसरतात.

म्हणजे काय करायचं? तो निखाऱ्यांत, काठापासून नकाशावरचा एक चौकोन (पाच फूट) आत. फायटर कट्ट्यावर येतो. शेपटी बाहेर येते, विळखा पडतो आणि फायटर निखाऱ्यांत ओढला जातो. दोन फाशांचं नुकसान, वर पुढच्या टर्नला शेपटीचा फटका आपोआप लागणार. आता टेबलावरचा प्रश्नच बदलला. 'याला कसं मारायचं' हे मागे पडून 'त्याला बाहेर कसं काढायचं' हे पुढे आलं. साखळी, दोर, हौदाची झडप सगळं एकदम कामाचं होतं. जी खेळाडू तुम्हाला 'पेटलेला साप' म्हणाली, तीच बहुतेक पहिली साखळीकडे धावेल.

इथे कळकळीने एक सांगतो. लाव्हात कुणाला ओढू नका. पहिल्यांदा मी ही चूक केली. लाव्हाचं तळं होतं, पहिल्याच राउंडला बार्ड (गाण्यातून जादू करणारं पात्र) खेळणाऱ्या मुलीला विळखा पडला आणि मी नियमाप्रमाणे दहा फासे टाकले. त्यांची सरासरी ५५ असते. तिचं पात्र जागच्या जागी गेलं. दीड वर्ष ती ते पात्र खेळत होती. ती काही बोलली नाही, वही मिटून बसली. मी नियम बरोबर लावला होता, पण तिला काही करायची संधीच मिळाली नव्हती. तेव्हापासून माझ्या सॅलमँडरच्या आवाक्यात निखारे असतात. लाव्हा लांब, दिसेल असा, पण शेपटीच्या पल्ल्याबाहेर.

दुसरी गोष्ट त्याच्या तापलेल्या अंगाची. पाच फुटांच्या आतून कुणी हत्याराचा वार लावला की मारणाऱ्यालाच सरासरी ७ नुकसान होतं. दोन वार लावणारा फायटर राउंडला १४ गमावतो. हे लढाईत अचानक सांगितलं तर खेळाडूंना फसवल्यासारखं वाटतं. आधी दाखवा. त्याच्या भाल्याचं पातं पांढरं होईपर्यंत तापलंय, दगडी कट्ट्यावर त्याच्या पोटाचे काळे ओरखडे आहेत, कुणी टाकलेली ढाल काठावर वितळून सांडलीय. लक्ष देणारा खेळाडू लांब दांड्याचं हत्यार काढेल आणि १० फुटांवरून मारेल. त्याचं श्रेय त्याला मिळू द्या.

आणि विझार्डचं काय? काही डीएम अशा वेळी थंडीचा हळवेपणाच काढून टाकतात. ते करू नका. ज्या खेळाडूने लेव्हल चढताना थंडीचा स्पेल निवडला, त्याचा दिवस हाच आहे. उलट त्याला जास्त पर्याय द्या. स्लीट स्टॉर्म या तिसऱ्या पातळीच्या स्पेलने त्याच्या क्षेत्रातल्या उघड्या ज्वाळा विझतात, असं स्पेलच्या मजकुरातच लिहिलंय. माझ्या टेबलवर आणखी एक नियम आहे, तो पुस्तकातला नाही: रे ऑफ फ्रॉस्ट निखाऱ्यांवर मारला तर पाच फुटांचा एक चौकोन एका राउंडपुरता काळा पडतो आणि त्यावर पाय ठेवता येतो. आता विझार्डला दर टर्नला ठरवावं लागतं, त्याला मारू की अडकलेल्या मित्रासाठी वाट करू? हौदाचं पाणी सोडलं तर वाफेचा लोट उठतो आणि कुणालाच काही दिसत नाही. सॅलमँडरलाही नाही.

धग सांगताना मी कधीही 'खूप गरम आहे' म्हणत नाही. आपल्यापैकी कुणी लाव्हा बघितलेला नसतो, पण धग आपल्याला ठाऊक आहे. तुम्ही कराड-कोल्हापूरकडे गुऱ्हाळावर गेला असाल तर चुलवाणाच्या तोंडाशी उभं राहून चिपाड आत सारणारा माणूस आठवा. तो तोंड बाजूला वळवून काम करतो. डोळ्यांतलं पाणी सुकतं, भुवया कडक होतात, जानव्याला किल्ली असेल तर ती छातीला चटका देते. चिलखताच्या बकलचं तेच होणार. हे सगळं खेळाडू भट्टीपासून तीस फुटांवर असतानाच सांगा. ट्रेक करणारी मंडळी असतील तर आणखी एक सांगण्याजोगं: ज्या काळ्या कातळावर आपण दर पावसाळ्यात घसरतो, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हाच आहे. माझ्या एका खेळाडूला हे सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे इथे राहणारे कुठे गेले?" त्यावर माझी पुढची चार सत्रं चालली.

नाव लगेच सांगू नका. आपल्याकडे रात्री सापाला साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, जनावर म्हणतात. तुमच्या गावातल्या माणसांनाही त्याला तसंच काहीतरी म्हणू द्या. माझ्या गावकऱ्यांनी त्याला 'भट्टीतला' म्हटलं होतं. 'अग्निसर्प' असं भाषांतर मला पटत नाही, त्यात सगळं आधीच उघडं पडतं.

आता तो आहे कोण आणि त्याला हवंय काय. त्याची बुद्धी ११ आहे, म्हणजे साधारण माणसाएवढी. त्याला आगीच्या लोकाची इग्नन भाषा येते. खेळातल्या कथेप्रमाणे इफ्रीत नावाच्या अग्निजिनांनी सॅलमँडरांना गुलाम केलंय. म्हणजे तुमच्या भट्टीतला तो पळून आलेला असू शकतो. त्याची अंडी म्हणजे दोन फूट व्यासाचे धुमसते ऑब्सिडियनचे गोळे, त्यातून कवच वितळवून फायर स्नेक बाहेर येतात आणि वर्षभरात पूर्ण सॅलमँडर होतात. आता तीस वर्षं न विझलेली भट्टी कशासाठी हे तुम्हाला दिसलं असेल. तो घर राखतोय. पुस्तकात तो दुष्ट आहे, आणि तसा ठेवायलाही हरकत नाही. दुष्ट बापही पिल्लं सांभाळतो.

फायर स्नेक लढाईत आणायचे असतील तर कोष्टकाचा हिशोब जपून करा. एक आणला तर संख्येचा गुणक (राक्षस जास्त असले की एक्सपीची बेरीज ज्याने वाढवतात तो) धरून बेरीज ३००० होते, म्हणजे तुमच्या गटाला बरोबर 'कठीण'. दोन आणले की ४४००, म्हणजे कागदावर थेट 'प्राणघातक'. प्रत्यक्षात २२ हिट पॉइंटचे हे जीव इतके भारी पडत नाहीत, आणि खूप कमजोर साथीदार गुणकात धरू नयेत असं पुस्तकही सुचवतं. पण मी म्हणतो ती निखाऱ्यांची जागा वापरणार असाल तर एकच पुरे. जागा स्वतःच अर्ध्या राक्षसाचं काम करते.

काही गोष्टी मात्र तुमच्या टेबलवर अवलंबून आहेत. गटात एकाकडेही जादूचं हत्यार नसेल तर साध्या हत्यारांचं नुकसान निम्मं होतं. तेव्हा त्याचे ९० हे १८० सारखे वागतात आणि लढाई जिवावर येते. मग हौद मोठा ठेवा. कुणी टीफलिंग (सैतानी रक्ताच्या वंशातलं पात्र) असेल तर त्याला आग निम्मीच लागते, त्याला निखाऱ्यांत उतरून हिरो होऊ द्या. आणि क्लेरिककडे तिसऱ्या पातळीचा प्रोटेक्शन फ्रॉम एनर्जी हा आगीसारख्या नुकसानापासून वाचवणारा स्पेल असेल तर तो वापरायला मिळेल इतका वेळ लढाईआधी द्या.

तुमच्या गटाने आता हा प्राणी पाहिलाय, तर पुढच्या वेळी प्लिनीचा सॅलमँडर आणा, असं मी मनापासून सुचवेन. गावातल्या चुली पेटत नाहीत. लोहाराचा भाता दिवसभर मारला तरी लोखंड लाल होत नाही. बागेतली सफरचंदं खाऊन दोन मुलं आजारी पडलीत. खेळाडू जळता साप शोधत फिरतील, आगीचे बचाव तयार ठेवतील, आणि शेवटी लोहाराच्या भट्टीत राखेखाली त्यांना सापडेल एक काळा-पिवळा, ओला, बर्फासारखा थंड जीव. त्याचे आकडे फायर स्नेकवरूनच करा, आगीच्या जागी थंडी आणि चाव्याला विष. खालच्या लेव्हलच्या गटालाही तो चालतो.

बक्षीस म्हणून सोन्याची नाणी नकोत. मध्ययुगात युरोपात लोक मानत की सॅलमँडरच्या लोकरीचं कापड आगीत टाकलं की जळत नाही, स्वच्छ होऊन निघतं. मार्को पोलोने सांगितलं की हे प्राण्याचं काही नाही, डोंगरातून खणून काढलेल्या खनिजाचे तंतू आहेत. ते ॲस्बेस्टॉस होतं. तुमच्या जगात मात्र ते लोकरीचं असू शकतं. हातरुमालाएवढा एक तुकडा द्या आणि तो कशाला उपयोगी पडतो ते त्यांनाच शोधू द्या.

माझ्या त्या ओतकामाचं पुढे काय झालं, ते सांगून थांबतो. सॅलमँडर मेला, हौद फुटला, भट्टी विझायला लागली. तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की राखेत तीन काळे गोळे आहेत आणि त्यांची धुमस कमी होतेय. बार्डचं पात्र गमावलेली तीच मुलगी आता ड्रुइड (निसर्गाची जादू करणारं पात्र) खेळत होती. ती म्हणाली, "कोळसा कुठे मिळेल?" पुढचे दोन तास कुणी एकही हल्ल्याचा फासा टाकला नाही. गटाने गावातून बैलगाडीभर कोळसा आणला आणि आळीपाळीने भाता मारत रात्र काढली. पहाटे एक गोळा कडेने मऊ होऊन खचायला लागला, आणि सत्र मी तिथे थांबवलं.